पुस्तक घरात येईपर्यंत

गास, ता. वसई
४ नोव्हेंबर १९५१

काशिनाथराव चुरी यांस गासच्या ॲन्सेल्म तुस्कानचा नमस्कार पोचावा.

तुम्ही मला ओळखणार नाही. तुमचे वडील जगन्नाथशेट आणि मी एके काळी केळीचे घड एकाच वॅगनीत चढवत होतो. त्यांचा मुलगा गिरगावात पुस्तकं छापतो असं कळलं, म्हणून धीर करून लिहितोय. मी चौथीपर्यंत शिकलो. चौथीची परीक्षा दिली नाही, म्हणजे तिसरीच म्हणा. अक्षराला हसू नका.

आमची विहीर चौघांची आहे. मी, पुतण्या सॅन्टन, चुलतभाऊ ऑगस्टीन आणि ऑगस्टीनची विधवा वहिनी आग्नेस. चौघांच्या पाळ्या ठरलेल्या. रेडा गोल फिरतो, रहाटावर मडक्यांची माळ वर येते, पन्हळीत पाणी ओतते, ते पाटानं वाडीत जातं. आजोबांपासून असंच आहे. आता सॅन्टनला विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायचं आहे. तुम्ही वसईचे, तुम्हाला काय सांगायचं? आपल्याकडे गोड पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगतं. रहाट साय काढतो. इंजिन खालपर्यंत ओढील आणि खारं वर आलं की केळी, पानवेल, आम्ही, सगळे गेलो. घरात कोणी ऐकत नाही. छापलेलं असलं की लोक ऐकतात. सोबत वीस पानं पाठवली आहेत. नाव ठेवलंय 'इंजिनाचे दुष्परिणाम'. लवकर छापा. सॅन्टनला धीर नाही, आणि मला रात्री झोप नाही.

आपला,
ॲन्सेल्म तुस्कान

—

गिरगाव, मुंबई
१५ नोव्हेंबर १९५१

ती. ॲन्सेल्मकाका,

'राव' नको, मी तुमच्या मुलासारखा. वीस पानं दोनदा वाचली. रागावू नका, पण हे पुस्तक नाही, हा मामलेदाराला केलेला अर्ज आहे. प्रत्येक पानावर 'सावध व्हा' आहे. लोक सावध होत नाहीत, पान उलटतात.

मात्र सतराव्या पानावर, बहुतेक तुमचं लक्ष नसताना, तुम्ही लिहून गेलात: 'आग्नेसच्या पाळीला रेडा आपणहून चालतो, ऑगस्टीनच्या पाळीला तो आधी मुततो, मग विचार करतो, मग चालतो.' काका, पुस्तक हे आहे! एक विहीर, चार घरं, एक वर्ष. कोण कधी येतं, काय बोलतं, कोणाची पाळी कोण चोरतं. उपदेश एक ओळही नको. आणि माझी एक अट. 'इंजिन' हा शब्द पुस्तकात एकदाही येता कामा नये. ज्याला विहीर आवडेल तो इंजिनाचं काय ते स्वतः ठरवील.

पहिलं प्रकरण नाताळाआधी पाठवा.

तुमचा,
काशिनाथ

—

गास
२ डिसेंबर १९५१

काशिनाथराव,

इंजिनाविरुद्ध पुस्तक आणि त्यात इंजिन नाही? लुईझाला, म्हणजे आमच्या घरच्यांना सांगितलं, तर ती म्हणाली, "बोंबलाच्या कालवणात बोंबील नको म्हणतोय वाटतं तुमचा शेट." दोन दिवस मी तुमच्यावर रागावून बसलो. मग प्रकरण लिहिलं, कारण रागात बसून पाठ दुखायला लागली.

पाठवण्याआधी ते विहिरीवर चौघांना वाचून दाखवलं. दाखवायलाच हवं. विहीर चौघांची, तर तिचं पुस्तकही चौघांचं. पन्हळीची एक फळी बदलायची तरी आम्ही चौघांना विचारतो. आग्नेस रडली. का ते सांगेना. ऑगस्टीन म्हणाला, "माझा रेड्यावरचा आवाज लिहिलास, माझा नोव्हेनाच्या प्रार्थनेतला आवाज का नाही लिहिलास?" तर तेही घातलं आहे, पान पाच. सॅन्टनला थट्टा सुचते. विहिरीच्या काठी आमचा क्रूस आहे, त्याच्यावर हात ठेवून दिलेला शब्द आमच्यात कोणी मोडत नाही. तिथं हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, तुझं पुस्तक छापून घरात येईपर्यंत विहिरीवर इंजिन येणार नाही. आलं की वाचीन, मग बसवीन." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

शुद्धलेखन तुम्ही बघा. 'पाणी'चा ण मला कायम चकवतो.

ॲन्सेल्म

—

गिरगाव
१४ डिसेंबर १९५१

ती. काका,

प्रकरण उत्तम! कंपोझिटर वाचता वाचता हसत होता, आणि तो माणूस पगाराच्या दिवशीही हसत नाही. ऑगस्टीनकाकांचा नोव्हेनातला आवाज मी काढून टाकला आहे. तो पुस्तकात बेसूर लागतो.

दोन सूचना. एक, 'परमेश्वराच्या कृपेने' दर पानावर नको, कृपा एकदाच पुरे. दोन, लोकांना वाचून दाखवणं बंद करा. चौघांना विचारून फळी बदलता येते, पुस्तक लिहिता येत नाही. याच वेगानं लिहिलंत तर ईस्टरला पुस्तक तुमच्या हातात देतो.

काशिनाथ

—

गास
२० जानेवारी १९५२

काशिनाथराव,

चार प्रकरणं रजिस्टरनं पाठवली होती ती पोचली असतील. त्यात थोडे बदल आहेत.

ऑगस्टीनचा आवाज परत घाला. तो माझ्याशी बोलत नाही आणि त्याच्या पाळीला पाटाचं तोंड माझ्याकडे नीट बंद करत नाही, माझ्या केळीची आळी तुंबतात. आग्नेसच्या नवऱ्याचं मरण दुसऱ्या प्रकरणात आहे ते चौथ्यात न्या, तिला तो आणखी थोडा जगायला हवा आहे. अर्नाळ्याची बायजा मासळी घेऊन येते, तिला कोणी सांगितलं की ती पुस्तकात आहे. तिनं टोपली ओट्यावर आपटली. "माज्या टोपलीच्या वासानं रेडा बिचकतो असं लिवलंस? म्हाताऱ्या, तुज्या रेड्याच्या वासानं माजी मासळी बिचकते, ते लिव!" तेही लिहायला हवं, नाहीतर ती आम्हाला सरंगा देणार नाही.

तिसरं प्रकरण मी परत मागतो. त्यात मडकी फुटतात. सगळं फुटतंय असं वाटतं. नीट लिहून पाठवीन. घाई करू नका.

ॲन्सेल्म

—

गिरगाव
३ फेब्रुवारी १९५२

ती. काका,

नोव्हेंबरात तुम्ही लिहिलंत 'लवकर छापा'. आता लिहिता 'घाई करू नका'. आग्नेसबाईंचा नवरा चौथ्यात नेला तर तिसऱ्यात त्याच्या मयताला जमलेले लोक कशाला जमलेत?

तिसरं प्रकरण मी परत करणार नाही. रोज सकाळी आग्नेसबाई फुटलेल्या मडक्याच्या जागी दुसरं बांधतात आणि फुटक्यात तुळस लावतात, इतकं चांगलं मी या वर्षात काही वाचलेलं नाही. ऑगस्टीनकाकांना सांगा, प्रेसमध्ये त्यांच्या आवाजापुरते टाइपाचे खिळे संपले.

शेवटचं प्रकरण पाठवा. फक्त शेवटचं.

काशिनाथ

—

गास
२४ फेब्रुवारी १९५२

काशिनाथराव,

शेवटचं प्रकरण लिहिता येत नाही, कारण पहिलं चुकलं आहे. पहिल्यात मी रहाट सागवानी लिहिला. कणा बाभळीचा आहे. म्हणजे पहिलं प्रकरण पुन्हा लिहायला हवं. मग दुसरं त्याला जुळणार नाही. शिवाय रेड्याचं नाव मी छापावं की नाही यावर अजून चौघांचं एकमत होत नाही. सॅन्टन म्हणतो, "छाप रे काका, रेडा काय कोर्टात जातोय?" तो फार उतावीळ झाला आहे. पण त्याचं एकट्याचं मत धरता येत नाही. तुमच्या वडिलांना मी ओळखत होतो, ते फार सबुरीचे होते.

माझे डोळेही दुखतात.

ॲन्सेल्म

—

गिरगाव
१ मार्च १९५२

ती. काका,

सागवानाचं बाभूळ करायला मला एक शब्द बदलावा लागतो, एक प्रकरण नाही. दोन फर्मे छापून पडले आहेत, कागद ओला होतोय, आणि तुम्ही रेड्याच्या नावावर सभा घेताय. मी आजवर कवींशी भांडलो आहे, मास्तरांशी भांडलो आहे, पण—

इथं मी पत्र थांबवलं आणि तुमची सगळी पत्रं काढून बसलो, तुम्हाला तुमचीच वाक्यं दाखवावीत म्हणून. डिसेंबरच्या पत्रात सॅन्टनचा क्रूसावरचा शब्द सापडला. तेव्हा मी तो वाचलाच नव्हता म्हणा, मी प्रकरणाच्या नादात होतो. पुस्तक घरात येईपर्यंत इंजिन नाही.

काका, तुम्ही पुस्तक लिहीत नाही आहात. तुम्ही पुस्तकाचं दार आतून लावून बसला आहात. आणि मी मूर्ख बाहेरून बेल वाजवतोय.

काशिनाथ

—

गास
६ मार्च १९५२

काशिनाथ,

होय. मग? शब्द सॅन्टननं दिला, मी मागितला नव्हता. तू पहिल्या दिवशी म्हणालास की पुस्तकात इंजिन नको. पुस्तकात नाही आणि विहिरीवरही नाही. तुझीच अट मी पाळतोय.

तुझ्या बापाच्या वाडीत तुझ्या भावानं इंजिन बसवलं तेव्हा तू गिरगावात बसून काय केलंस? तुला नळाचं पाणी येतं. मला पहाटे रहाटाचा आवाज येतो. सॅन्टनची पाळी पहाटेची. रहाट उलटा फिरू नये म्हणून लाकडी पट्टी असते, ती टकटक वाजते. अंथरुणात पडून ती ऐकतो आणि मनात म्हणतो, आजचा दिवस वाचला. तुला ते कळायचं नाही. फर्मे ओले होऊ देत.

ॲन्सेल्म तुस्कान

—

गास
१८ मार्च १९५२

काशिनाथभाऊंना नमस्कार.

मी डेल्फिन, सॅन्टनची बायको. कॉन्व्हेंटमध्ये सातवीपर्यंत शिकले म्हणून हे लिहू शकते. लिहिलं हे काकांना कळू देऊ नका, आणि सॅन्टनलाही नको.

तुमचं पुस्तक केव्हा होणार? मी घाई करते असं वाटेल. काकांची प्रकरणं मला फार आवडतात, विहिरीवर वाचतात तेव्हा मी भाकऱ्या तव्यावर सोडून जाते. पण जानेवारीत रेड्यानं सॅन्टनच्या पायावर पाय दिला, तो अजून टेकवत नाही. कसाबसा आगाशीच्या बाजारात माल घेऊन जातो. आमचा गडी मिठागरावर गेला. पहाटेची पाळी मी हाकते. मला सातवा लागला आहे. रेड्यामागे चालताना तेवढं काही वाटत नाही, पण मध्ये थांबला की त्याला पुन्हा हलवायला जोर लावावा लागतो, तेव्हा कंबरेतून कळ येते.

सॅन्टनला म्हटलं, काकांना सांग. तो म्हणाला, क्रूसावर शब्द दिलाय, आता पाय दाखवून तो सोडवून घेऊ? आणि मी सांगायला गेले तर काका समजतील की इंजिनासाठी पोटाचं निमित्त करते. म्हणून तुम्हाला विचारते. होणार असेल तर केव्हा? आणि होणार नसेल तर तसं कळवा. म्हणजे मी दुसरं काहीतरी बघीन.

तुमची बहीण,
डेल्फिन

—

गिरगाव
२२ मार्च १९५२

ती. काका,

तुमचं पत्र वाचून मला राग आला, आणि भावाच्या इंजिनाबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं असल्यामुळे जास्त आला. ते राहू द्या. मी छापायची घाई करत नाही. सागवानाचं बाभूळ केलं आहे.

पण काल सगळी प्रकरणं एकदम वाचली तेव्हा एक उणीव दिसली, आणि ही संपादक म्हणून सांगतो, भांडण म्हणून नाही. तुमच्या पुस्तकात रहाट आहे, मडकी आहेत, पट्टीची टकटक आहे. रेड्याचा स्वभाव तर माझ्या सासऱ्यांच्या स्वभावापेक्षा मला जास्त ठाऊक झाला आहे. पण रेड्यामागे चालणारं माणूस कुठं आहे? पहाटेची पाळी तुम्ही तीनदा लिहिलीत आणि तिन्ही वेळा अंथरुणातून लिहिलीत. आवाज आहे, माणूस नाही.

एक दिवस उठा, सॅन्टनच्या पाळीला विहिरीवर जा, आणि जे दिसेल ते लिहा. कोणाला वाचून दाखवू नका. मला पाठवणार नाही म्हणालात तरी चालेल. पण जा.

काशिनाथ

—

गास
७ एप्रिल १९५२

काशिनाथ,

सोबत शेवटचं प्रकरण आहे. लहान आहे. ऑगस्टीन काही म्हणाला तरी छाप. कोणालाही वाचून दाखवलेलं नाही.

तुझ्या पत्रानं मी चिडलो होतो, चार दिवस गेलोच नाही. पाचव्या दिवशी, तू चुकतोस हे तुला कळवावं म्हणून गेलो. अंधार होता. मी सॅन्टनला हाक मारली तर "काका, पाय जपून, चिखल आहे" असा डेल्फिनचा आवाज आला. रेडा थांबला होता. ती दोन्ही हात त्याच्या पुठ्ठ्यावर लावून ढकलत होती. पोट एवढं पुढं आलेलं. मी विचारलं, "सॅन्टन कुठं आहे? गडी कुठं आहे?" तर म्हणाली, "आज जरा मीच आले." आज जरा! रेडा तिच्या हाकेला चालला, काशिनाथ. जनावर एका दिवसात हाक ओळखत नाही.

मी म्हटलं, सोड, मी हाकतो. एक फेरा झाला. दुसऱ्याला गुडघा धरला आणि तिनंच मला क्रूसाच्या पायरीवर बसवलं. मग तिथून मी तो आवाज ऐकला. टकटक, टकटक. इतके दिवस उशीवर डोकं ठेवून ऐकत होतो.

तुला कोणी काही कळवलं होतं का, हे मी विचारत नाही. तूही सांगू नकोस.

माझी पाळी हाकणारा गडी आता पहाटे तिच्याकडे जातो. पण तो मेपर्यंतच आहे. पुस्तक मेआधी घरात यायला हवं. आता तू घाई कर. आग्नेसचा नवरा जिथं मेला तिथं मरू दे.

ॲन्सेल्म

—

गिरगाव
११ एप्रिल १९५२

ती. काका,

प्रकरण मिळालं. एकही शब्द बदललेला नाही, चुकलेला 'ण'सुद्धा मीच सुधारला, कंपोझिटरला हात लावू दिला नाही. पुस्तक बांधणाऱ्याच्या डोक्यावर बसलो आहे. पंधरवड्यात पार्सल निघेल.

काशिनाथ

—

गास
१२ मे १९५२

काशिनाथ,

पार्सल पोचलं. मुखपृष्ठावरचा रेडा बैलासारखा दिसतो. ते असो.

सॅन्टननं शब्द पाळला. विहिरीवर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. शेवटचं प्रकरण आलं तेव्हा डेल्फिन उठून घरात गेली, पण त्यानं वाचून संपवलं. ऑगस्टीननं आपला आवाज शोधला. सापडला नाही. तो तुझ्या प्रेसला कोर्टात खेचणार आहे, रेड्याला साक्षीला आणून.

मग सॅन्टननं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, यात इंजिनाविरुद्ध तर काहीच नाही!"

मी म्हटलं, "त्या गिरगावच्या काशिनाथनं काढून टाकलं."

"मग बसवू?"

शब्द संपला होता, विचारायचं त्याला काही कारण नव्हतं. तरी विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी क्रूसाकडे बघत होतो. लुईझा म्हणाली, "अहो, तोंड उघडा, पाणी अडलंय." मी म्हटलं, "बसव."

चार दिवसांपूर्वी बसवलं. असा आवाज की देवळातली घंटा ऐकू येत नाही. तेलाचा वास चहाला लागतो. रेडा दिवसभर विहिरीकडे तोंड करून उभा असतो, त्याला कोणी सांगितलेलं नाही.

ॲन्सेल्म

—

गास
९ नोव्हेंबर १९५२

काशिनाथ,

डेल्फिनची मुलगी आता बसायला लागली. नाव ग्रेसी. इंजिन चालू असलं की ती झोपते आणि बंद झालं की रडते. मी कपाळावर हात मारून घेतला.

पुस्तकात एक चूक आहे. पाचव्या प्रकरणात लिहिलं आहे की वाडीतल्या शेवटच्या केळीला पाणी कधीच पोचत नाही. ते आता खोटं आहे. पोचतं. आग्नेसच्या टोकाच्या केळीला या वर्षी घड धरला. छापलेलं खोटं घरात ठेवून मला झोप येत नाही. वाक्य बदल.

ॲन्सेल्म

—

गिरगाव
१६ नोव्हेंबर १९५२

ती. काका,

पुस्तक छापून झालं की वाक्य बदलता येत नाही, हे मी तुम्हाला कितव्यांदा सांगतोय देव जाणे. दुसरी आवृत्ती निघाली तर बघू. प्रती संपत आल्या आहेत, तेव्हा कदाचित निघेलही. पण ते वाक्य खरं करायचं तर 'इंजिन' हा शब्द लिहावा लागेल. तेवढ्या एका वाक्यापुरती माझी बंदी उठवतो. वाक्य पाठवा. एकच! आणि चौघांना न विचारता.

काशिनाथ

—

गास
२३ नोव्हेंबर १९५२

काशिनाथ,

वाक्यं तीन झाली. तू म्हणशील एकच, पण तिसरीपर्यंत शिकलेल्या माणसाला एकात मावत नाही.

'इंजिन आल्यापासून शेवटच्या केळीला पाणी पोचतं. ॲन्सेल्म रोज सकाळी विहिरीवर जाऊन ओंजळभर पाणी चाखून बघतो. अजून गोड आहे.'

पहिली दोन खुशाल छाप. तिसरं मात्र दर आवृत्तीला मला विचारून मगच छापायचं. आणि मी नसलो तर ग्रेसीला विचारायचं. तिला चाखायला मी आत्तापासून शिकवतोय.

ॲन्सेल्म